वेठीस कोणीं कोणास धरलें ?

वाचकहो, गांवांत घंटागाडी रोज येत असते तोंवर ती कोण आणतो, त्याच्याबरोबर किती माणसें राबतात, त्यांना महिन्याकांठीं काय मिळतें, हें विचारण्याचें कारण कोणास पडत नाहीं. चार दिवस ती आली नाहीं म्हणजे मात्र आमच्यांतल्या प्रत्येकास लोकमत फुटतें. पारावर, एस. टी. च्या थांब्यावर, न्हाव्याच्या दुकानांत, बाजाराच्या दिवशीं माळव्याच्या पाट्यांपाशीं, एकच वाक्य ऐकूं येतें : "झाडूवाल्यांनीं शहराला वेठीस धरलें आहे." वर्तमानपत्रें तेंच वाक्य मथळ्यावर घालतात, नगरपालिकेचा अधिकारी तेंच घोकतो, आणि ज्यानें जन्मांत कधीं दुसऱ्याच्या दारचा कचरा उचलला नाहीं तोही मान डोलावतो.

या एका वाक्याविषयीं आज चार शब्द लिहावयाचे आहेत. कारण तें वाक्य दुसऱ्या कोणाच्या तोंडीं शोभलें तरी शेतकऱ्याच्या आणि कारागिराच्या तोंडीं शोभत नाहीं, असें आमचें स्पष्ट मत आहे.

वेठ म्हणजे काय, हें आमच्या घरांतून कोणास कोशांत पाहावें लागत नाहीं. मजुरी न देतां जबरीनें करून घेतलेलें काम म्हणजे वेठ. साहेबाची स्वारी गांवांत उतरली कीं कुणब्यानें गाडीबैल जुंपावयाचे, सुतारानें खुंट्या ठोकावयाच्या, कुंभारानें मडकीं द्यावयाचीं, आणि महारानें तर रात्र म्हणूं नये, पाऊस म्हणूं नये, ओझें डोक्यावर घेऊन पुढल्या गांवची शीव गांठावयाची. मोबदला मागितला तर पाठीवर कोरडा. हें सारें आमच्या पणज्यांनीं भोगलें आहे. करवीरच्या शाहू छत्रपतींनीं १९१८ सालीं आपल्या संस्थानांतलीं महार वतनें मोडलीं, तीं उगाच नव्हे. वतन या मोठ्या नांवाखालीं चाललेली ती वेठच होती, हें त्या राजानें ओळखलें होतें.

तेव्हां वेठीस धरणारा तो, जो काम घेतो आणि त्याचें दाम देत नाहीं. एवढी व्याख्या हातीं धरून झाडूवाल्याच्या पगाराच्या भांडणाकडे पाहूं, आणि मग कोणीं कोणास वेठीस धरलें आहे याचा निवाडा करूं.

मुंबईचेंच उदाहरण घ्या. तिच्या महापालिकेचा २०२५-२६ सालचा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा होता. हिंदुस्थानांत एवढी श्रीमंत महापालिका दुसरी नाहीं. या श्रीमंत धनिणीच्या अंगणांत झाडणारे हात मात्र दोन प्रकारचे आहेत. एक कायम नोकर आणि दुसरा कंत्राटी. दोघेही तोच कचरा उचलतात, त्याच दुर्गंधींत उभे राहतात ; पण एकास पूर्ण पगार, रजा, निवृत्तिवेतन ; आणि दुसऱ्यास ठेकेदाराच्या हातून पडेल तें. या दुसऱ्या प्रकारांतले पुष्कळ लोक १९७२ च्या दुष्काळापासून मराठवाड्यांतून उठून आलेल्या भूमिहीन दलित कुटुंबांतले आहेत. पाऊस गेला, काम गेलें, गांव सुटलें, आणि मुंबईनें त्यांच्या हातीं काय दिलें, तर गांवानें त्यांच्या बापाच्या हातीं दिला होता तोच झाडू !

पगार कसा दाबला जातो, तें नीट समजून घेण्यासारखें आहे. कंत्राटी कामगारांचा १९७० चा कायदा ठेकेदाराकडे २० किंवा अधिक माणसें असलीं तरच लागू होत असे. मग काय केलें ? तर कामाचे तुकडे पाडले, आणि एकेका ठेकेदारास २० हून कमी माणसांचें काम दिलें. कायदा दाराशीं येऊन उभा राहिला, पण उंबऱ्याच्या आंत त्याला पाऊल टाकतां येईना. पुढें याहून नामी युक्ति निघाली. झाडणाऱ्या माणसास कामगार म्हणावयाचेंच नाहीं ! त्याचें नांव 'स्वयंसेवक' आणि त्याच्या मजुरीचें नांव 'मानधन'. कामगार म्हटला म्हणजे किमान वेतन आलें, भविष्यनिर्वाह निधि आला, सुटी आली. स्वयंसेवकाला काय, तो बापडा हौसेनें सेवा करतो ! वाचकहो, पोटासाठीं पहाटे चार वाजतां उठून दुसऱ्याची घाण उपसणाऱ्याला हौशी म्हणावयाचें, याहून मोठी थट्टा कोणती ? ज्या पैशांत मानही नाहीं आणि धनही नाहीं त्याला मानधन म्हणणारा पंडित कोण असेल तो असो, त्यानें जुन्या भिक्षुकशाहीचा धडा चांगला गिरविला आहे. पूर्वीं शूद्राच्या राबण्याला धर्म म्हणत, आतां सेवा म्हणतात. दाम द्यावयाचें नाहीं, एवढा सिद्धांत दोन्हींकडे एकच.

कचरा वाहतूक श्रमिक संघ या संघटनेनें अशा २,७०० कामगारांसाठीं दाद मागितली. २०१४ सालीं औद्योगिक न्यायाधिकरणानें निकाल दिला कीं मधला ठेकेदार हा निव्वळ देखावा आहे, हे कामगार महापालिकेचेच आहेत आणि त्यांना कायम केलें पाहिजे. महापालिका तेवढ्यावर थांबली नाहीं. ती उच्च न्यायालयांत गेली, तेथें हरली. सर्वोच्च न्यायालयांत गेली, तेथेंही एप्रिल २०१७ मध्यें हरली. झाडूवाल्याचा पगार द्यावयास पैसा नाहीं म्हणणाऱ्यांपाशीं त्याच्याविरुद्ध दिल्लीपर्यंत वकील उभे करावयास पैसा होता, आणि तो पैसा तुमच्या-आमच्या करांतलाच होता. बरें, निकाल लागला म्हणून सगळे सुटले काय ? नाहीं. मग कागद तपासणें सुरू झालें. या कागदावर नांव एका तऱ्हेनें, त्या कागदावर दुसऱ्या तऱ्हेनें. इंग्रजी अक्षरांत एखादें अक्षर इकडचें तिकडे. ज्या माणसाला लिहितां येत नाहीं त्याचें नांव दुसऱ्यानेंच लिहिलेलें असतें. चूक कारकुनाची आणि शिक्षा झाडूवाल्यास! अशा अक्षरांच्या पायीं शेंकडों कामगार जिंकलेल्या खटल्यानंतरही ताटकळत राहिले. सातबाऱ्यावर नांव चुकलें म्हणून तलाठ्याच्या दारीं चपला झिजविणाऱ्या शेतकऱ्यास हें दुःख निराळें समजावून सांगण्याची गरज नाहीं.

पुढली गोष्ट तर अधिक डोळे उघडणारी आहे. २० माणसांची ती मर्यादा खालीं आणून ही पळवाट बुजवावयाची, कीं वर नेऊन ती रुंद करावयाची ? महाराष्ट्रानें ती ५० वर नेली, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून सबंध देशांत लागू झालेल्या नव्या श्रमसंहितेंतही ती ५० च ठेवली आहे. जी पळवाट पूर्वीं १९ माणसांपुरती होती ती आतां ४९ माणसांपर्यंत मोकळी झाली. यावर लोकमत कोठें उठलें होतें ? पारावर कोणी बोललें काय ? २०२५ सालींच मुंबईंत कचरा उचलण्याचें आणि वाहण्याचें काम खासगी ठेकेदारांस देण्यासाठीं सुमारें ४,००० कोटी रुपयांची निविदा निघाली. कामगारसंघटनांनीं एकत्र येऊन जुलैंत संपाची हाक दिली आणि बोलणीं होऊन ती मागें घेतली. त्या वेळीं मुंबईंत लोकांनीं निवडून दिलेला एकही नगरसेवक अधिकारावर नव्हता. मार्च २०२२ पासून सारा कारभार प्रशासकाच्या हातीं होता. एवढा मोठा व्यवहार विचारणारें सभागृह जागेवर नाहीं, याची चर्चा किती झाली आणि संपानें होणाऱ्या गैरसोयीची किती झाली, हें ज्याचें त्यानें आठवून पाहावें.

संपाविरुद्ध बोलणाऱ्यांत सगळेच दुष्ट असतात, असें आमचें म्हणणें नाहीं. १९४६ च्या एप्रिल महिन्यांत मुंबईच्या सफाई कामगारांच्या संपासंबंधानें महात्मा गांधींनीं 'हरिजन' पत्रांत लिहिलें. कामगारांचीं गाऱ्हाणीं खरीं आहेत, परंतु हें काम असें आहे कीं यांत संप योग्य नव्हे, असा त्यांचा अभिप्राय होता. गांधीजींनीं स्वतः संडास साफ केले होते आणि त्याच साली ते दिल्लीच्या भंगी वस्तींत राहिले होते, तेव्हां त्यांच्या हेतूविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. पण हेतु चांगला असला म्हणजे न्याय होतोच असें नाहीं. ज्यानें आपण होऊन झाडू हातीं घेतला त्याला तो केव्हांही खालीं ठेवतां येतो. जन्मानेंच ज्याच्या हातीं तो दिला गेला त्याला 'तूं एक दिवसही खालीं ठेवूं नकोस' असें सांगणें म्हणजे त्याच्याजवळ असलेलें एकुलतें हत्यार काढून घेणें होय. बाबासाहेब आंबेडकरांनीं हें ओळखलें होतें, म्हणून त्यांनीं मुंबईंत म्युनिसिपल कामगारांचा संघ उभा केला. आणि संपावर बंधन घालूं पाहणाऱ्या बिलाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजीं मुंबईंत जो एक दिवसाचा संप झाला त्यांत ते पुढारी होते. आणि आमच्या घरचें सांगावयाचें तर 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनीं गिरणी कामगारांच्या सभा भरवून, अर्जांवर अर्ज करून मिळविलेली रविवारची सुटी १० जून १८९० पासूनची. ती कोणा मालकानें दया येऊन दिली नाहीं.

सरकार म्हणतें, ही अत्यावश्यक सेवा आहे, 'मेस्मा' लावूं. लावा ! पण ज्याचें काम अत्यावश्यक त्याचा पगार महिन्याच्या ठरलेल्या दिवशीं होणें अत्यावश्यक कां नाहीं ? कामाची गरज आजची आणि पगाराची गरज बिल मंजूर होईल तेव्हांची, हा हिशेब आम्हांस समजत नाहीं.

आतां आमच्याच घरांतून निघणाऱ्या आक्षेपांकडे वळूं.

शेतकरी म्हणतो, "आमच्या कांद्याला भाव नाहीं, आम्हांस कोण पगार देतें ? हे झाडू मारून हजारोंनीं रुपये घेतात, आणि वर संप करतात !" दादा, तुझें दुःख खरें आहे. पण जो हजारोंनीं घेतो असें तूं म्हणतोस तो कायम नोकर. तो निवृत्त झाला कीं त्याच्या जागीं बहुधा कंत्राटीच माणूस येतो. तुझ्या तालुक्याच्या नगरपालिकेंत घंटागाडीमागें धांवणाऱ्या पोराला एकदां थांबवून विचार, तुला किती मिळतात आणि गेल्या महिन्याचे मिळाले काय. आणि दुसरें असें कीं, शेजाऱ्याच्या ताटांतली भाकरी कमी झाल्यानें आपल्या ताटांत वाढत नाहीं. व्यापारी तुला म्हणतो, शहरांतल्या गरिबाला कांदा स्वस्त मिळावयास हवा, तूं भावाचा हट्ट धरून त्याला वेठीस धरूं नकोस. तेव्हां तुला राग येतो कीं नाहीं ? तुझ्या बाबतींत जें वाक्य खोटें तें झाडूवाल्याच्या बाबतींत खरें कसें होतें ?

कोणी म्हणतो, "नगरपालिकेजवळ पैसाच नाहीं." लहान नगरपालिकांच्या बाबतींत यांत पुष्कळ तथ्य आहे. जकात गेल्यापासून त्यांचें तोंड सरकारी अनुदानाकडे लागलेलें असतें, आणि अनुदान रखडलें कीं पगार रखडतो. पण पैसा थोडा असला म्हणजे तो आधीं कोणास द्यावयाचा, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा होतो. जोतीराव फुले पुणें नगरपालिकेचे सभासद होते. १८८० सालीं व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार म्हणून शोभेसाठीं एक हजार रुपये खर्च करण्याचा ठराव आला, तेव्हां सगळ्या सभेंत एकट्या जोतीरावांनीं विरुद्ध मत दिलें. त्यांचा नातू म्हणविणाऱ्या प्रत्येकानें आपल्या नगरपालिकेंत विचारावें कीं यंदा कमानी, फलक आणि सत्कार यांवर किती गेले, आणि त्या महिन्यांत झाडूवाल्यांचा पगार कोणत्या तारखेस झाला.

तिसरा म्हणतो, "हे लोक काम करीत नाहींत, दारू पितात, एकाच्या नांवावर दुसराच राबतो." असे प्रकार आहेत, झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. कामचुकारास जाब विचारलाच पाहिजे, आणि हजेरीपटावर खोटीं नांवें घालणाऱ्या मुकादमास व त्याच्या वरच्यासही. पण दहांतल्या दोघांच्या दोषासाठीं दहाही जणांचा पगार अडवावा, हा न्याय आम्ही मामलेदाराच्या कचेरींत लावीत नाहीं, मग येथेंच कां लावावा ?

संघटनांनाही एक गोष्ट बजावून सांगितली पाहिजे. संप झाला म्हणजे बंगलेवाला पैसे टाकून कचरा उचलवून घेतो. कुजतो तो झोपडपट्टीचा नाका आणि सरकारी दवाखान्याचें आवार. संपाचा पहिला मार गरिबालाच बसतो. म्हणून रीतसर नोटीस देऊन, वस्ती-वस्तींत जाऊन आपलें गाऱ्हाणें सांगून, दवाखान्यांचें काम चालू ठेवून जो संप होतो त्याच्याच मागें लोक उभे राहतील. लोकमत आपल्या बाजूस आणणें हेंही संघटनेचें काम आहे. तें सोडून दिलें तर ठेकेदार तें फुकटांत घेऊन जातो.

परंतु सर्वांत मोठा दोष आमच्याकडे आहे, तो बोलून दाखविल्यावांचून हा लेख पुरा होणार नाहीं. आम्ही बहुजनसमाज म्हणवितों, शेटजी-भटजींच्या नांवानें बोटें मोडतों. पण वर्षभर उकिरडे उपसणाऱ्याला सुगीला खळ्यावर दूर उभें करून, मापाशिवाय, मर्जीस येईल तेवढें धान्य टाकणारे हात भटजींचे नव्हते. ते आमचे होते. शिळी भाकरी वरून टाकणारी माउली आमचीच होती. तीच सवय शहरांत आली आहे. पुण्यांत पाहा. सत्यशोधक बाबा आढाव, जे डिसेंबर २०२५ मध्यें निवर्तले, त्यांच्या पुढारीपणाखालीं १९९३ सालीं कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, आणि तिच्यांतून निघालेल्या 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेनें २००८ सालीं महापालिकेशीं करार करून घरोघरचा कचरा उचलण्याचें काम हातीं घेतलें. त्या बायांचा मोबदला बव्हंशीं घरोघरच्या मासिक वर्गणींतून येतो. म्हणजे तेथें नगरपालिका मधें नाहीं, मालक आम्हीच. आणि त्या थोड्या रुपयांसाठीं किती दारांतून "पुढल्या महिन्यांत ये" असें उत्तर मिळतें, तें त्या बायांनाच विचारावें. हाटेलांत चहापाण्यावर शंभराची नोट मोडणारा गृहस्थ दाराशीं दहा रुपयांची घासाघीस करतो. लोकमताची खरी परीक्षा तेथें होते.

याच पुण्यांत २०१२ सालीं महापालिकेच्या सफाई कामगारांनीं गो. पु. देशपांडे यांचें 'सत्यशोधक' नाटक अतुल पेठे यांच्या दिग्दर्शनाखालीं रंगभूमीवर उभें केलें. दिवसा झाडू मारणारीं माणसें रात्रीं जोतीराव आणि सावित्रीबाई होऊन बोललीं आणि प्रेक्षकांनीं टाळ्यांचा कडकडाट केला. त्या टाळ्या खऱ्या असतील तर दुसऱ्या दिवशीं सकाळीं तोच माणूस दाराशीं आला असतां त्याचें नांव तरी आपणांस ठाऊक असावयास नको काय ?

म्हणून आमचें सांगणें असें आहे. दुर्गंधी सुटेपर्यंत थांबूं नका. संप मिटला कीं 'गरज सरो आणि वैद्य मरो' असेंही करूं नका. आपल्या नगरपालिकेंत, गांव लहान असेल तर ग्रामसभेंत, तीन गोष्टी विचारा. सफाईचे कामगार कायम किती आणि कंत्राटी किती ? कंत्राटी माणसाच्या हातीं प्रत्यक्ष किती पडतात, आणि त्याच्या नांवें कापलेला भविष्यनिर्वाह निधि खरोखर भरला जातो काय ? आणि मजुरी बँकेंत जमा झाल्याचा पुरावा पाहिल्यावांचून ठेकेदाराचें बिल कसें निघतें ? ठेकेदारानें मजुरी बुडविली तर ती देण्याची जबाबदारी कायद्यानें मूळ मालकावर, म्हणजे नगरपालिकेवरच आहे. अध्यक्ष हात वर करूं लागला तर त्याला तेवढेंच ऐकवा. या प्रश्नांना पैसा लागत नाहीं, शिक्षणही फारसें लागत नाहीं. पांच माणसांनीं सभेंत उठून उभें राहिलें म्हणजे पुरतें.

हे प्रश्न परोपकाराचे आहेत असें समजूं नका. शेतीवर भागत नाहीं म्हणून आज कुणब्याचा, साळ्याचा, सुताराचा मुलगाही ठेकेदाराच्या गाडीवर चढूं लागला आहे. झाडूवाल्याच्या पगाराला जी कात्री लावली गेली तीच दवाखान्यांत, शाळेंत, एस. टी. त आणि कारखान्यांत फिरत आहे. ज्याला आपण सर्वांत खालचा समजलों त्याच्यावर ती आधीं चालवून पाहिली, आणि आम्ही बोललों नाहीं म्हणून ती वर आली.

पुढल्या वेळीं घंटागाडी आली नाहीं आणि पारावर कोणी म्हणाला कीं झाडूवाल्यांनीं गांवाला वेठीस धरलें, तर त्याला शांतपणें एवढेंच विचारा : "दादा, काम कोणीं केलें, आणि दाम कोणीं अडवून ठेवलें ?" उत्तर तो देईल. वेठ म्हणजे काय, हें त्याच्याही आज्यानें त्याला सांगितलेलें असेल.